शाळा सोडल्याचं कारण

२०२३ च्या दिवाळीच्या आसपास आमच्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप एकदम जागा झाला. एरवी तिथे गुड मॉर्निंगची फुलं आणि कुणाच्या तरी दशक्रियेची वेळ याशिवाय काही नसतं. पण त्या दिवसांत घराघरात एकच काम चाललेलं, कुणबी दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधा. खासरा पत्रक, गाव नमुना चौदा, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. आमचा चुलतभाऊ, बापू, याने कुठनं कुठनं ओळखी काढून गावच्या जुन्या मराठी शाळेच्या रजिस्टरच्या काही पानांचे फोटो मिळवले आणि ग्रुपवर टाकले. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि अक्षर सगळं मोडी लिपीतलं. ते वाचायला एक रिटायर्ड गृहस्थ मिळाले, त्यांना तेव्हा इतकी मागणी होती की फोन लागायचा नाही. त्यांनी आमच्या पणजोबांच्या नावाला गोल केला, जातीच्या रकान्याला दुसरा गोल केला, आणि ग्रुपवर नुसता अंगठ्यांचा आणि नाचणाऱ्या बाहुल्यांचा पाऊस. ज्याला जे हवं होतं ते मिळालं.

मी मात्र तो फोटो झूम करत करत उजवीकडे सरकत गेलो. शेवटून दुसरा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. काकांना (मोडीवाल्यांना, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायला लागलो) फोन करून विचारलं, तेवढा रकाना वाचून दाखवता का. ते जरा वैतागले, म्हणाले त्याचा सर्टिफिकेटला काही उपयोग नाही. तरी वाचला. आमचे थोरले आबा, म्हणजे पणजोबा, १९१३ साली बिगारीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, दाखल. १९१६ साली नाव कमी. तेव्हा दुसरीत. कारण, घरकाम.

बस, एवढंच. दहा वर्षांचा मुलगा आणि घरकाम.

मी ग्रुपवर विचारलं की घरकाम म्हणजे नक्की काय असेल. बापूचं उत्तर आलं, आपल्याला काय करायचंय, नोंद मिळाली ना. बरोबरच आहे त्याचं, त्याच्या पोरीच्या ॲडमिशनचा प्रश्न होता. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी मग बाकीच्या पोरांचेही रकाने काकांकडून वाचून घेतले, त्यांनाही हळूहळू त्यात गंमत वाटायला लागली असावी, कारण नंतर नंतर तेच स्वतःहून व्हॉइस मेसेज पाठवायचे, "हे बघा, हा मामाच्या गावी गेला." शेतकामी. गुरे राखणेस. मुंबईस गेला. बहुत दिवस गैरहजर सबब नाव कमी. आणि मधेच, बाकीच्यांच्याच शाईत, बाकीच्यांच्याच वळणात, मयत.

आबांना मी पाहिलेलं नाही. आज्जी सांगायची ते ऐकलंय, ती त्यांची सून. आज्जीच्या लेखी सासरा म्हणजे हिशेबाचा माणूस. "म्हातारं बोटं मोडत न्हवतं बाळा, नुसतं व्हट हलायचं आन् व्यापाऱ्याच्या आदी ह्येंचं उत्तर." गुळाच्या वखारीत व्यापारी कागद-पेन्सिल घेऊन बसायचा आणि आबा भिंतीला टेकून उभे, डोळे मिटलेले. दुसरीत शाळा सोडलेला माणूस! लहानपणी मला वाटायचं आज्जी वाढवून सांगते. आता वाटतं की नसेल वाढवलं, कारण त्या वेळच्या शाळेत पहिल्या दोन-तीन वर्षांत पोरांच्या डोक्यात जे कोंबत होते ते आजच्या कुठल्याही सिलॅबसमध्ये बसणार नाही. तीसपर्यंत पाढे तर झालेच, त्याच्यावर अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा. आम्हाला दशांशाची सवय, आम्हाला हा मूर्खपणा वाटतो, पण रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, मणाचे चाळीस शेर, शेराच्या सोळा छटाका, असल्या जगात सगळं चौथाईनेच मोडतं. गूळ साडेतीन रुपये मण असेल आणि सात मण घातला असेल तर सात औटे साडेचोवीस, संपला विषय. कागद लागतोच कशाला. १९५७ साली नवे पैसे आले आणि हे सगळं ज्ञान एका रात्रीत भंगारात गेलं, आबा तेव्हा पन्नाशीचे असतील. आज्जी म्हणायची ते नव्या पैशांचा मनातल्या मनात जुन्यात हिशेब करायचे आणि मग परत नव्यात आणायचे.

शाळा म्हणजे तरी काय, भैरोबाच्या देवळाची ओवरी. त्या काळच्या गावोगावच्या शाळा अशाच, देवळात, चावडीत, नाहीतर धर्मशाळेत, लोकल बोर्डाची इमारत असलेलं गाव म्हणजे नशीबवान. एकच मास्तर आणि सगळ्या इयत्ता समोर, बिगारीची पोरं एका कोपऱ्यात धुळीत अक्षरं गिरवतायत, पहिलीची पाढे घोकतायत, तिसरीतला एखादा थोराड पोरगा हातात छडी घेऊन बिगारीवर मास्तरकी करतोय. सकाळी एकदा शाळा, मग घरी जाऊन भाकरी, मग दुपारी परत. जमीन शेणाने सारवलेली, बसायला ज्याचं त्याचं पोतं नाहीतर तेही नाही. दगडी पाटी तोवर आली होती, लाकडी चौकटीची, पण ती फुटली की घरी मार, म्हणून गरीबाघरची पोरं धूळपाटीवरच बरेच दिवस काढायची, लाकडी फळीवर विटकरीचा नाहीतर बारीक मातीचा थर पसरायचा आणि काडीने लिहायचं. चुकलं की हलवलं, पुसलं गेलं. पाटीवाल्यांचं काम जास्त घाणेरडं, थुंकी लावून पुसायची, मग हवेत हलवत वाळवायची आणि तोंडाने चिमणी चिमणी वारा घाल, कावळ्या कावळ्या पाणी घाल. हे गाणं मीही म्हटलंय, माझ्या वेळेपर्यंत पाटी टिकली होती, आणि पेन्सिल खायची सवयही. ती ओली मातकट चव आठवली की अजून तोंडाला पाणी सुटतं. आबांनीही खाल्ली असेलच की.

लिहिणं म्हणजे बोरू. बोरूचं टोक तिरकं कापायला चाकू लागतो आणि ते काम मास्तरच करणार, सकाळी पोरांची रांग, ज्याचा बोरू नीट कापून मिळाला त्याचं अक्षर त्या दिवशी बरं. शाई काजळाची, डिंक घालून घोटलेली, नाहीतर बाजारात मिळणारी पुडी पाण्यात कालवायची. ओलं अक्षर वाळवायला वर बारीक वाळू. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. छापील पुस्तक वाचायला बाळबोध म्हणजे देवनागरी, लिहायला मोडी, असं दोन्ही एकदम डोक्यावर. आणि हे सगळं सहा-सात वर्षांच्या पोराने. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, हे ऐकून माझ्या भाचीला मोडीबद्दल एकदम प्रेम वाटायला लागलंय.

मार. याच्याबद्दल लिहायचं नव्हतं खरं, कारण जुन्या शाळेचा विषय निघाला की लोक हसत हसत मारच सांगतात, आमचे मास्तर असे मारायचे, तसे मारायचे, आणि त्यात कुठेतरी एक अभिमान असतो जो मला कधीच कळला नाही. चिंचेची ओली फोक, अंगठे धरून उभं राहणं, पाठीवर दगड किंवा पाटी ठेवणं, कोंबडा करणं. आणि जो येतच नाही त्याच्यासाठी उचलबांगडी, मास्तर चार दांडगी पोरं पाठवणार, ती त्याला घरातून, झाडावरून, ओढ्यातून शोधून काढणार आणि दोघांनी हात दोघांनी पाय धरून गावातून मिरवत शाळेत आणून टाकणार. आज्जी सांगायची की आबांना एकदा असंच ओढ्यातून उचलून आणलेलं, अंगावर कपडे नव्हते. सगळं घर हसायचं. आबा हसायचे का, हे मी आज्जीला विचारलं नाही, आणि आता विचारायला आज्जी नाही. एवढं मात्र ऐकलंय की त्यांनी स्वतःच्या पोरांवर कधी हात उगारला नाही, त्याचा आणि ओढ्याचा संबंध मी जोडतोय, कुणी सांगितलेलं नाही.

तरी त्या मास्तरांची बाजू घ्यावीशी वाटते. तुटपुंजा पगार, परक्या गावात बिऱ्हाड, आणि गावात शाळामास्तर म्हणजे शाळाच फक्त नाही, बऱ्याच ठिकाणी पोस्टाचं कामही त्याच्याकडेच. शाळेच्या एका कोनाड्यात पोस्टाचा शिक्का आणि तिकिटं. टपाल आलं की वर्ग सोडून ते बघायचं. पहिल्या महायुद्धात आमच्या भागातली बरीच माणसं मेसोपोटेमियात होती, बसऱ्याहून पत्रं यायची, आणि घरच्यांना वाचता येत नसल्यामुळे ती मास्तरांसमोरच उघडली जायची. एखादी बाई पदर तोंडावर घेऊन ओवरीच्या पायरीशी बसलेली, मास्तर वाचतायत, आणि आतली पन्नास पोरं पाढे थांबवून ऐकतायत. दुसरीतल्या हुशार पोरालाही मास्तर कधीकधी वाचायला लावायचे म्हणे. आबांनी अशी पत्रं वाचली असतील असं मी धरून चाललो होतो, मग लक्षात आलं की १९१६ ला तर त्यांचं नाव कमी झालेलं. तरी वाचली असतील, नाव कमी झालं म्हणून अक्षर थोडंच विसरतं. श्रावणात देवळात पोथी मात्र शेवटपर्यंत तेच लावायचे.

इथे मला एक गोष्ट खुपत राहते. आपण आज ज्याला ड्रॉपआऊट म्हणतो, आणि म्हणताना चेहरा गंभीर करतो, तसं त्या घरातल्या कुणाला वाटलं असेल का. पोराला पोथी वाचता यायला लागली, पत्र लिहिता यायला लागलं, सावकाराच्या खतावर काय लिहिलंय ते कळायला लागलं, औटकीपर्यंत आलं, झालं की. शाळेकडून जे घ्यायचं ते घेतलं. पुढे तिसरी-चौथीत भूगोल, इतिहास, राजनिष्ठेचे धडे, विलायतेच्या बादशहाचं कौतुक, त्याचा बैलांना काय उपयोग. १९११ च्या डिसेंबरात दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला तेव्हा ठिकठिकाणच्या शाळांतून पोरांना मिठाई वाटली होती, आबा तेव्हा शाळेत नव्हते त्यामुळे ती हुकली. पूर्ण मराठी शाळा करून व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस मास्तर किंवा तलाठी व्हायचा, पण गावाला मास्तर एक आणि तलाठी एकच लागतो.

असं मी स्वतःला समजावतो आणि मग तो समजावणारा आवाज ओळखीचा वाटायला लागतो. कारण हेच तर १९१२ साली मोठमोठी माणसं म्हणत होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. बिचारं फारच नेमस्त बिल होतं, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतं, तेही ज्या म्युनिसिपालिटीला किंवा लोकल बोर्डाला हवं असेल तिथेच, आणि महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्या घराला फी माफ. त्या वर्षीच्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, अख्ख्या हिंदुस्थानात शंभरातली सहा माणसंही धड साक्षर नव्हती. सरकार म्हणालं खर्च परवडत नाही, आणि जमीनदार मंडळींची कुरकुर अशी की शेतकऱ्याची पोरं शाळेत बसली तर शेतात राबायचं कुणी. वर्षभर काथ्याकूट झाला आणि १९१२ च्या मार्चमध्ये बिल पडलं, १३ विरुद्ध ३८. त्याच्या पुढच्या वर्षी आबा शाळेत गेले आणि तीन वर्षांनी घरकाम म्हणून बाहेर आले. बिल पास झालं असतं तरी आमच्या तालुक्याने ते लागू केलं असतं असं मला अजिबात वाटत नाही, पण निदान रजिस्टरात घरकाम असं कारण लिहायला मास्तरांना थोडा विचार करावा लागला असता.

आणि दक्षिणेला वारणा ओलांडली की कोल्हापूर संस्थान. तिथे शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोरगं शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. एक रुपया! गोरगरिबाच्या घरात तेव्हा रुपया डोळ्याला दिसायचा तो सुगीलाच. बडोद्यात तर सयाजीरावांनी सक्ती १९०६ सालीच सगळ्या राज्याला लावलेली, आणि त्यात मुलीही होत्या. आबांचा जन्म नदीच्या पलीकडे झाला असता तर, हा विचार मी बरेचदा करतो, आणि लगेच हेही कळतं की ते दहा वर्षांचे होऊन बाहेर पडल्यावर एका वर्षाने तो कायदा आला, म्हणजे पलीकडे जन्मूनही त्यांचं कदाचित हुकलंच असतं. आपल्याकडे तर कराडजवळच्याच काले गावात १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तेव्हा आबा तेरा वर्षांचे, औत धरत होते. आमच्या घरातली पुढची पिढी मग रयतच्याच शाळेत शिकली, पण ती वेगळी गोष्ट.

घरकाम म्हणजे काय ते शेवटी आत्याने सांगितलं. फोनवर, एकदम सहज, जसं काही हे सगळ्यांना माहितीच आहे. आबांचा थोरला भाऊ मुंबईला गेला, मग बैल राखायला घरात कोणी उरलं नाही. काकांकडून परत पान बघून घेतलं तर खरंच, त्याच शाळेत, त्याच वर्षी, आबांच्या चार ओळी वर थोरल्या भावाचं नाव, आणि पुढे मुंबईस गेला. वय बारा. म्हणजे गिरणीत. बारा वर्षांचं पोर गिरणीत लागायचं आणि ते कायद्याने लागायचं, नऊ ते चौदा वर्षांच्या पोरांना अर्ध्या वेळचे कामगार म्हणून घ्यायची मुभा होती, १९११ च्या फॅक्टरी ॲक्टने कापड गिरण्यांत त्यांचे तास सहा केले, ती सुधारणा मानली गेली. किमान वय नवावरून बारावर गेलं ते १९२२ साली. म्हणजे त्या दोघा भावांची शाळा एकाच आठवड्यात सुटली असणार, एकाचं कारण दुसऱ्यात होतं आणि मास्तरांनी ते दोन वेगळ्या ओळींत दोन वेगळ्या शब्दांत लिहून टाकलं. थोरल्याने मुंबईहून मनीऑर्डरी पाठवल्या, त्यातून विहीर झाली, ती विहीर अजून आहे. तो परत आला तो छातीचा खोकला घेऊनच, एवढंच घरात सांगतात.

रजिस्टरची पानं वाचताना एक वेळ अशी आली की मला जातीच्या रकान्याकडेही नीट बघावं लागलं, बापूच्या कारणासाठी नाही. तीस-चाळीस ओळींत महार म्हणून दोन नावं. दोन्हींच्या पुढे गैरहजर सबब नाव कमी. ती पोरं ओवरीत बसायची की बाहेर चिंचेखाली, याला रकाना नाही. त्यांची पाटी मास्तर हातात घेऊन तपासायचे की लांबूनच, याला रकाना नाही. देवळाच्या ओवरीत भरणाऱ्या शाळेत त्यांना वर येऊ देत असतील हे मला तरी अवघड वाटतं. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर इंग्रजी पहिलीत दाखल झाले, तिथल्या रजिस्टरला १९१४ नंबरसमोर त्यांची सही आहे, लोक आता मुद्दाम जाऊन बघतात. ते हायस्कूल होतं, तालेवार शाळा, आणि तिथेही या मुलाने घरून गोणपाट आणायचं, वेगळं बसायचं, आणि तहान लागली तर शिपाई येऊन नळ उघडेल तेव्हाच प्यायचं. शिपाई नाही तर पाणी नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते भावंडांबरोबर वडिलांकडे निघाले आणि आमच्या मसूर स्टेशनवर उतरले, नवे कपडे घालून, आणि जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचं, असं ठरलं. रात्रभर पाणी मिळालं नाही. मसूर स्टेशनवरून मी लहानपणी कितीदा पॅसेंजर पकडलीय, वडापाव खाल्लाय, नळाला तोंड लावून पाणी प्यायलोय. हे मला कुणी शाळेत सांगितलं नाही, तिशी उलटल्यावर कळलं. कोल्हापुरात शाहूंनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकत्र बसवायचा हुकूम काढला तो १९१९ चा.

आमच्या त्या दोन नावांची पुढे काय गत झाली, कुठे गेले, त्यांच्या नातवंडांना हे पान कुणी दाखवलं का, बापूला विचारलं तर तो म्हणाला त्यांना नोंदीची गरज नाही. उत्तर चुकीचं नव्हतं, पण मला ते टोचलं.

बाकी आनंदही होता हो, नाही असं नाही. दसऱ्याचं पाटीपूजन, एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती, तिला झेंडू. नागपंचमीची सुट्टी. आणि वर्षातून एकदा डिपुटी यायचे त्या दिवसाची ती धांदल. डिपुटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर घोड्यावरून नाहीतर छकड्यातून येणार, त्याच्या आधी आठवडाभर ओवरी सारवली जाणार, आंब्याचं तोरण, ज्याला टोपी नाही त्याने शेजाऱ्याची मागून आणायची कारण बोडक्या डोक्याने साहेबासमोर उभं राहणं म्हणजे काय, आणि हुशार पोरांना पुढच्या ओळीत बसवून ढ पोरांना त्या दिवशी मास्तर स्वतःच सांगणार की उद्या येऊ नका रे. आबांना त्या एका दिवशी कुणी उचलून आणलं नसतं. ते तोंडी हिशेबात पक्के म्हणून पुढच्या ओळीत होते आणि डिपुटींनी विचारलेल्या कसल्यातरी औटकीच्या गणिताला त्यांनी फटकन उत्तर दिलं म्हणून साहेबाने पाठीवर थाप मारली, ही गोष्ट आज्जीने इतक्या वेळा सांगितलीय की तिच्यात साहेबाच्या घोड्याचा रंगही ठरलेला आहे. पांढरा. आत्या म्हणते तांबडा होता.

१९१८ चं पान काकांनी वाचलं तेव्हा त्यांनी मेसेज पाठवला नाही, फोनच केला. दिवाळीच्या सुमाराच्या एकाच पानावर चार मयत. इन्फ्लुएन्झाची साथ, त्याच वर्षी पाऊसही नीट झाला नव्हता. प्लेगला गाव सरावलं होतं, उंदीर पडायला लागले की माळावर झोपड्या घालून राहायचं, शाळा बंद, कधीकधी माळावरच झाडाखाली भरायची. या तापाला मात्र माळावर जाऊनही काही होत नव्हतं. त्या चारांपैकी एक आबांच्या वर्गातला असणार, दाखल तारीख एकच आहे. काका म्हणाले, मास्तरांचं अक्षर बघा, इथे बिघडलंय. मी बघितलं, मला तर सगळंच मोडी सारखं दिसतं. पण त्यांना दिसलं असेल.

आणि मुली. मिळालेल्या सगळ्या पानांवर एकही मुलगी नाही. आबांना दोन बहिणी होत्या, त्यांची नावंही आत्याला आठवून आठवून सांगावी लागली. पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू होऊन तोवर तीसेक वर्षं झाली होती, अण्णा कर्व्यांचं हिंगण्याचं काम जोरात होतं, १९१६ साली, आबांनी पाटी ठेवली त्याच वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. हे सगळं खरं आणि आमच्या गावापासून पुणं रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर, तेही खरं. पण १९११ च्या खानेसुमारीत देशात हजार बायकांमागे दहा साक्षर, आणि त्या दहांतली आमच्या गावाच्या वाट्याला बहुतेक एकही आली नसावी. घरकामासाठी नाव कमी व्हायलाही आधी नाव असावं लागतं. आज्जी तर त्यांच्या कितीतरी नंतरची, १९३० च्या आसपासची, तीही शाळेत गेली नाही. पण तिला पावकी येत होती. सासऱ्याचं ऐकून ऐकून, चुलीपुढे बसून. दूधवाल्याचा हिशेब ती भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवायची आणि महिनाअखेरीला तोंडाने पावकी म्हणत बेरीज करायची, दूधवाला हिला घाबरायचा.

बापूचं काम झालं, सर्टिफिकेट आलं, ग्रुप पुन्हा फुलांवर आणि दशक्रियांवर गेला. मी मात्र आत्याच्या मागे लागलोय की आबांनी शिकवलेली औटकी मला पूर्ण म्हणून दाखव, मोबाईलवर रेकॉर्ड करतो. तिला दहापर्यंत येते, त्यातही आठ औटेला ती दरवेळी अडखळते, मग स्वतःवरच चिडते आणि म्हणते आबा असते तर डोक्यात टपली मारली असती. (आबांनी कधी हात उगारला नाही म्हणून मी वर लिहिलंय, तर आत्याच्या मते टपली हा मार नाही.) अकराच्या पुढचं तिला काहीच आठवत नाही. मी गुणाकार करून सांगू शकतो, अकरा औटे साडेअडतीस, पण म्हणायची चाल तिला हवीय, ती कॅल्क्युलेटरवर येत नाही. तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल आणि त्यांना पुढची येत असेल तर प्लीज रेकॉर्ड करून पाठवा, आत्या वाट बघतेय, आणि ती रोज फोन करून विचारते.